पहिल्या बोल्टवरचं कुंकू

शनिवार, संध्याकाळ. मानेसर.

रेवती तिची स्पोर्ट्स कार घेऊन एक्सप्रेसवेवर गेली आहे. खालची हवा सरळ वाहावी म्हणून आम्ही बापलेकींनी घरीच गाडीच्या पोटाला ॲल्युमिनियमचा पत्रा बसवला. माझ्या कारखान्यात आम्ही आवळून झालेल्या बोल्टवर रंगाची खूण करतो. घरी रंग नव्हता, देवघरातलं कुंकू लावलं.

निघताना म्हणाली, "बाबा, बारा के बारा लाल! चलो, आता घाबरायचं नाही."

पण पुढच्या बाजूच्या पहिल्या बोल्टला मी काम सुरू करतानाच, आवळण्याआधी, पूजेचं कुंकू लावलं होतं. मग तो आवळला का? आठवत नाही. तो पहिलाच सैल असेल तर वेगात वारा पत्रा उचकटून चाकाखाली ओढेल. देवा, चूक माझी आहे, तिला सांभाळ.

तीनदा फोन केला. उचलत नाही. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे मीच तिला शिकवलं.