चोपन्न जीबी, नऊ मिनिटं

सोमवार, ३ जून. सकाळी ९.

मुलीचा फोन. नात चार वर्षांची झाली, आजीचा आवाज कसा होता असं विचारते म्हणे. ही जाऊन दीड वर्ष झालं; हिचे सगळे व्हिडिओ माझ्या जुन्या काँप्युटरमध्ये. रविवारपर्यंत पाठवता येतील का? म्हटलं, रविवार कशाला, आजच घे. मागून जावई म्हणाला, बाबा, डिस्क काढून कुरिअर करा, मी बघतो. नको म्हटलं. तो काँप्युटरच्या नोकरीत आहे. मला काँप्युटरची समज आहे. फरक आहे.

गणित केलं. जुन्या डिस्कचा वेग १३३, नेटवर्कच्या वायरचा १००. लहान आकडा धरायचा. व्हिडिओ चोपन्न जीबी, म्हणजे चोपन्न हजार भागिले शंभर. पाचशेचाळीस सेकंद. नऊ मिनिटं! चोपन्न जीबी, नऊ मिनिटं, असं मुलीला कळवून टाकलं.

सोमवार, दुपारी १२.४०.

जुनं मशीन माळ्यावरून उतरवलं. तिसऱ्या खेपेला सुरू झालं. नव्या मशीनला वायरने जोडलं. स्क्रीनवर आलं, 'बारा तास शिल्लक'. काहीतरी बिघाड. बंद केलं. डिस्कमधून कट-कट आवाज येतोय. जुन्या वस्तूंना आवाज असतोच.

मंगळवार, ४ जून.

दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकान चालवणाऱ्या बाई भल्या आहेत, पण समजावायची फार हौस. म्हणाल्या, काका, वायरवरच्या आकड्यापुढचा इंग्रजी 'बी' छोटा आहे, डिस्कवरचा मोठा. छोटा म्हणजे बिट, मोठा म्हणजे बाइट. आठ बिटांचा एक बाइट. तुमच्या शंभराचे झाले साडेबारा.

हे मला माहीतच होतं. फक्त भागायचं राहिलं होतं.

मग बारा तास का, म्हटलं. तर मॉडेल विचारून म्हणाल्या, तुमच्या जुन्या मशीनचं नेटवर्क कार्डच दहाचं आहे, वायर शंभराची असून काय उपयोग. दहा भागिले आठ, सव्वा. शिवाय कट-कट म्हणजे डिस्क जायला आली. आता एकदा सुरू केलीत की काम होईपर्यंत अजिबात बंद करू नका, कुणीतरी जवळ बसा. घरी कोण असतं? म्हटलं, मी असतो. त्यांनी विचारलं, आणि? मी आणखी कुणाचं तरी सांगेन असं त्यांना वाटलं असावं.

बुधवार, ५ जून. सकाळी ८.

सुरुवात केली. मुलीला कळवलं, आज रात्री आठला काम फत्ते.

सकाळी ११.

मशीनशेजारी खुर्ची टाकलीय. ताट इथेच आणलं. लोक उगाच विचारतात, एकटं वाटत नाही का. पंखा घरघरतो, डिस्क कट-कट करते. चांगली सोबत आहे.

आलेले व्हिडिओ अजून एकही उघडलेला नाही. उघडला की वेग कमी होतो. निव्वळ तांत्रिक कारण. दीड वर्षात उघडले नाहीत, तेही वेळेअभावी.

दुपारी ३.

एकतीस जीबी आले. डिस्क हाताला फार तापलेली लागली. तासभर विश्रांती म्हणून बंद केली. बाईंना अनुभव असेल, पण वस्तू माझी आहे.

दुपारी ४.१५.

सुरू होत नाही.

गुरुवार, ६ जून.

डिस्क घेऊन दुकानात. बाईंनी कानाला लावून पाहिली. बंद केली होती का, असं विचारलं. वीज गेली होती, असं मी सांगितलं. त्यांनी डिस्क परत माझ्या हातात ठेवली. उरलेले तेवीस जीबी आता निघणार नाहीत.

घरी येताना ठरवलं की मुलीला आकडा सांगायचा नाही. मुळात किती होते हे तिला कुठे माहीत आहे? (मीच सांगितलं होतं. सोमवारी.)

शुक्रवार, ७ जून.

जावयाला फोन केला. मदतीसाठी नव्हे, चर्चेसाठी. त्याने एक लिंक पाठवली, कुठे दाबायचं ते तीनदा सांगितलं. एकदाही हसला नाही. वीज गेल्याचं त्याला सांगायला गेलो आणि खरं तेच सांगून बसलो. म्हणाला, होतं बाबा. फाइली चढताहेत.

रविवार, ९ जून. दुपारी १.

अकराला व्हिडिओ कॉल. तिघांनी तिकडे आणि मी इकडे, एकदमच पाहिलं. ही स्वयंपाकघरात, ही बागेत, ही मुलीची वेणी घालताना. मुलगी रडली. नात आजीच्या आवाजाची नक्कल करत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, आजोबा कुठे आहेत? मुलगी म्हणाली, आजोबा कॅमेरा धरून आहेत. नात म्हणाली, सगळा वेळ?

कॉल संपल्यावर शेवटची क्लिप एकट्याने पुन्हा पाहिली. ही हात पुढे करून म्हणते, द्या इकडे, मी काढते तुमचा. त्यावर माझा आवाज येतो, तुला फोकस जमणार नाही.

ती हसते. हात तसाच पुढे. तिथे क्लिप संपते. फाइल खराब नाही. मीच कॅमेरा बंद केला होता.