ड्रमवर कोण आहे?

१४ ऑगस्ट

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

तुझी सीडी पोचली. त्या जुन्या अमेरिकन रॉक बँडची गाणी, कॉलेजात आपण वाजवायचो तीच, तुझ्या आवाजात ऐकून आई अंथरुणात उठून बसली. हृदयाच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच तिनं आपणहून चहा मागितला. घशातली गाठ काढूनही पोराचा आवाज टिकला, हे दिवसभर सगळ्यांना सांगत होती.

मला मात्र राहून राहून खटकतंय. फोन केला की तुझी बायकोच उचलते. कधी तू आंघोळीला गेलेला, कधी दुकानात फ्रेमची काच कापत असलेला. आणि निबंध लिहायला सांगितला की रडणारा माझा भाऊ एकाएकी पत्रं कशी लिहायला लागला? गातोस, तर बोलत का नाहीस?

खरं काय ते कळव. माया आहेच, पण तुझ्यावर नजरही आहे.

तुझी ताई


२२ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू पोलिसातच जायला हवं होतंस. अगं, डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलंय. गायला हरकत नाही, त्यानं घशाला कमी ताण पडतो म्हणे. दुकानात कामही तुंबलंय. संध्याकाळी आपली जुनी मंडळी जमतात, तेव्हा रेकॉर्ड करतो. मूळ बँडची सफाई आमच्यात कुठली, पण आईला आवडतंय ना? सोबत आणखी दोन गाणी आहेत. तिला मोठ्यानं लावून दे. तू फार कान देऊ नकोस.

संशय सोडून ताईनं पूर्वीसारखा जीव लावावा, एवढीच विनंती.

तुझा
गुंड्या


३० ऑगस्ट

चि. गुंड्या,
आशीर्वाद नंतर.

कान देऊ नकोस म्हणालास, म्हणून हेडफोन लावून बसले. आधी वाटलं, मूळ बँडचंच एखादं दुर्मिळ रेकॉर्डिंग तू आपलं म्हणून खपवतोयस. पण चुकीचे इंग्रजी शब्द तुझेच, आणि कडव्याच्या शेवटी तुटणारा श्वासही तुझाच. मग आपल्या बँडमध्ये तुझ्या जोडीला गिटार वाजवायचा, त्याला फोन केला. तो म्हणाला, आपला बँड मोडल्यापासून तुझं तोंडही पाहिलेलं नाही.

पुन्हा लावलं, या वेळी फक्त ड्रम ऐकले. धृपद यायच्या आधी ड्रमवाला घाई करतो. दर वेळी, तिथंच. त्यावरून तू मला किती छळायचास! गाडी सुटतेय का, असं विचारायचास.

गुंड्या, ड्रमवर मी आहे. आणि लग्नानंतर मी ड्रमला हात लावलेला नाही. ही सगळी गाणी तेव्हाची आहेत.

आईला काही बोलले नाही. पण आता थाप मारलीस, तर थेट तुझ्या दारात येऊन उभी राहीन.

ताई


५ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न.

पकडलंस. गाठ साधी नव्हती. डॉक्टरांना स्वरयंत्रच काढावं लागलं. आता गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतो. आवाज नाही, कुजबुजसुद्धा नाही. नेमकं तेव्हाच आईचं ऑपरेशन ठरलेलं. कुठल्या तोंडानं सांगणार होतो? बायकोनं जुन्या कॅसेट शोधल्या, मी एकेक गाणं साफ करून सीडीत भरलं. फोनवर खोटं बोलून बोलून ती बिचारी थकलीय. तिच्यावर रागावू नकोस. गिऱ्हाइकांशी पाटीवर लिहून बोलतो, निभतंय. गाणी साफ करताना मात्र कधी कधी वाटायचं, हा कोण गातोय.

आईला सांगू नकोस. एवढं ऐक, मग हवं तेवढं रागाव.

गुंड्या


११ सप्टेंबर

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

तुझं ऐकलं नाही. आईला सांगितलं. आधी खूप रडली, मग तुझ्यावर भडकली. मी एवढी नाजूक आहे असं त्याला सांगितलं कुणी, असं मलाच विचारत होती. शेवटी तुझी बोटं गिटारवर चालतात का, ते विचारलं. चालतात, असं मी परस्पर सांगून टाकलंय, तेव्हा मला तोंडघशी पाडू नकोस.

डॉक्टरांनी तिला प्रवासाला हो म्हटलंय. शनिवारी आम्ही दोघी येतोय. गाणार मी आहे, मनाची तयारी ठेव. तोवर तुम्ही नवरा-बायको एकमेकांना सांभाळा.

तुझी ताई

ता. क. आईनं पेन हिसकावून घेतलंय:
बाळा, ताईला लिहितोस तसं मलाही लिहीत जा. खरं खरं. आवाज गेला असेल, मी आहे.