दोर मीच नेला

माय, वाचनालयातून आणलेली रहस्यकथा आज दुपारी संपवली. तुझा जावई गेल्यापासून दुपारचं घर खायला उठतं, म्हणून वाचते. पुड्याच्या कागदांवरून वाचायला शिकले, आता जाड पुस्तकंही जमतात. गोष्टीत समुद्रकाठी श्रीमंतांचे बंगले, उन्हाळ्यापुरते येणारे मालक, गावकऱ्यांशी भांडणं, मग खून. पहिल्या पानापासून संशय कोणावर? बंगला सांभाळणाऱ्या बाईवर. पुस्तक आपटावंसं वाटलं. पण राग आला तो तुझा. ती बाई निदान शेवटपर्यंत ओरडून सांगते, मी नाही केलं म्हणून.

आपल्या काटोलकडच्या तलावाकाठी कुठला समुद्र? मे महिन्यात नुसता भेगाळलेला चिखल. नागपूरच्या इतवारीतला कापडवाला शेठ महिनाभर बायकोपोरांना घेऊन बंगल्यावर यायचा. तू बंगला सांभाळायचीस म्हणून आपल्याला मागची खोली होती, आणि त्याच्या दारा-खिडक्यांचे वाळ्याचे पडदे तू विहिरीचं पाणी ओढून दिवसभर भिजवायचीस. त्या वर्षी गावची विहीर इतकी खाली गेली की कोणाचा दोर पाण्याला पोचेना. गावच्या बाया बंगल्याच्या विहिरीवर आल्या, तर शेठनं हाकललं. "सगळेच आले तर आम्ही काय प्यायचं?" म्हणे. पीत कुठे होता, पडद्यांना पाजत होता!

आणि एका दुपारी बंगल्याच्या विहिरीचा लांब दोर नाहीसा झाला. पडदे सुकले, शेठाणी घामानं कासावीस. तू ओसरीत माझी वेणी घालते आहेस आणि शेठ समोर उभा आहे. "कोणी नेला, नाव सांग. नाहीतर खोली खाली कर." मी पाहिलं होतं. कडेवर लेकरू, डोक्यावर गोवऱ्यांचं टोपलं घेऊन गावातली शेजारीण गेली, आणि टोपल्यातून दोराचं टोक लोंबत होतं. मी तोंड उघडलं तशी तू वेणी अशी ओढलीस की डोळ्यांत पाणी आलं.

"दोर मीच नेला, मालक."

"काहून?"

"पडदे भिजवून भिजवून हात सोलून निघाले माझे."

"मग आण परत."

"नाही आणत."

संध्याकाळच्या बसनं आपण नागपुरात. मग जन्मभर लोकांची भांडी. मी विचारलं की तुझं एकच, "चूप बस वं, झालं ते झालं." कसं झालं? गावातलं एक माणूस बसपर्यंत आलं नाही, माय. त्यांच्यासाठी तू छप्पर घालवलंस, आणि मला कारण विचारायचीही चोरी.

ती शेजारीण मागे मला इतवारीत भेटली. मुलाच्या लग्नाची भांडी घेत होती. तेच कडेवरचं लेकरू, आता दाढीमिशीवाला गडी. मला ओळखून हात धरला तिनं. "माय कशी हाय वं तुही?" तुला जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. मी म्हटलं, "बरी हाय." खरं सांगितलं असतं तर ती तिथंच दुकानात रडली असती, आणि रडून मोकळी झाली असती. मला तिला मोकळं होऊ द्यायचं नव्हतं. तू असतीस तर माझ्या मनातली ही अढी तुला कळू दिली नसती.