बाल्टिमोर नव्हे, अ‍ॅनापोलिस

बाबा, तुमच्या फळ्यावरच्या एका गावाला परवा आईला घेऊन जाऊन आले. अ‍ॅनापोलिस, मेरीलँड राज्याची राजधानी. आई सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आली आहे. घरात बसून कंटाळते, म्हणून ती, मी आणि माझी लेक अशा आम्ही तिघी अमेरिकेतल्याच आमच्या डब्लिनहून गाडीनं निघालो. इंटरनेटवरून रस्ता छापून घेतला होता, तरी चुकतमाकत पोचायला नऊ तास लागले. गाव मी निवडलं होतं. का, ते आईला सांगितलं नव्हतं. या गावापायी मी भर वर्गात तुमचा अपमान केला असं मला तीस वर्षं वाटत आलंय, आणि ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

एवढंसं गाव आहे हो. विटांचे उतरते रस्ते, वर टेकाडावर लाकडी घुमटाचं विधानभवन, खाली बंदर. आई प्रत्येक दुकानाच्या काचेपाशी थांबायची, की आम्हीही थांबायचो. वारा मात्र असा, की आईनं साडीवर माझं जॅकेट चढवलं, वर कानटोपी घातली, तरी पदर काही जागेवर राहीना. बंदरात शिडाच्या होड्या डुलत होत्या, त्यांच्या दोऱ्या डोलकाठ्यांवर टणटण आपटत होत्या. तिथल्या बाकावर बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. पलीकडे खेकड्यांसाठी रांग लागली होती. आईनं तिकडे पाठच केली.

आणि मला शनिवारचा शेवटचा तास दिसतो. सातवीचा वर्ग, तिथं तुम्ही बाबा नाही, सर. आठवड्यापूर्वी लिहून दिलेल्या अमेरिकेतल्या राज्यांच्या राजधान्या तुम्ही पुन्हा फळ्यावर लिहिताय. मेरीलँडपुढे लिहिता, बाल्टिमोर. मी उठते आणि म्हणते, "सर, बाल्टिमोर नाही, अ‍ॅनापोलिस." तुम्ही माझ्याकडे बघता, ते नाव पुसता आणि "बस खाली" म्हणता. रात्री जेवताना तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. वर्ष संपल्यावर तुमचा स्वतःचा, कडा झिजलेला नकाशासंग्रह माझ्या हातात ठेवलात, म्हणालात, "घे, आता तुझ्याकडेच शोभतो." मला तो टोमणा वाटला. नाकाला मिरच्या झोंबल्या आणि तो मी न उघडताच ट्रंकेच्या तळाशी टाकला. तुम्ही गेलात तेव्हाही तो तिथंच होता.

परवा बाकावर माझी लेक म्हणाली, "आजी, धिस इज द कॅपिटल? इट्स सो टायनी."

आईला तेवढं इंग्रजी कळतं. ती हसली. "मोठं असतं तेच राजधानी असतं असं नाही, बाळा. तुझे आजोबा दर वर्षी एक राजधानी मुद्दाम चुकीची लिहून द्यायचे. घरी जाऊन कुणी नकाशा उघडतंय का, ते बघायला. इतक्या वर्षांत एकच पोरगी उठली. तुझी आई."

मी विचारलं, मग त्या रात्री बाबा जेवताना गप्प का होते?

"तोंडावर कौतुक कधी केलंय का त्यांनी? पण शेजाऱ्यांना, डॉक्टरांना, अगदी दूधवाल्याला सांगून झालं होतं. पोरीनं स्वतः नकाशा उघडला म्हणून. मला वाटलं, तुला माहीत आहे."

मला रडू आलं. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं म्हणून सांगितलं. तीस वर्षांचं ओझं उतरलं खरं, पण लगेच दुसरं चढलं. आई इतकी खुशीत बसली होती की तिला काही सांगवेना.

तो नकाशासंग्रह माझ्यासोबत इथवर आला आहे, का आणला कुणास ठाऊक. घरी आल्यावर पहिल्यांदा नीट उघडला. अ‍ॅनापोलिसभोवती तुमच्या पेन्सिलीचा गोल आहे, शेजारी माझं नाव. हा कागद त्याच पानात ठेवून देते.

बाबा, त्या आठवड्यात मी नकाशा उघडलाच नव्हता. माझ्या बाकावरच्या मुलीनं उघडला होता. तिला तुमची भीती वाटायची, म्हणून तिनं माझ्या कानात सांगितलं, आणि सरांची मुलगी असल्यामुळे मी बिनधास्त उठले. त्या गोलाशेजारी नाव तिचं हवं होतं.