माझी हाडं आणि शुक्रवारचा फोटो

४ जुलै, शुक्रवार
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळी गेल्यापासून हाडं विरळ झालीत. व्यायाम करा, सोयाबीन खा, पडू नका. हे काय सांगणं झालं?
संध्याकाळी सेमारांगहून लेकीचा, वेनिंगचा फोन. तिची बाळंतपणाची रजा संपत आली. नातीला कुणाकडे ठेवायचं, माझ्याकडे की विहीणबाईंकडे, ते ठरायचंय. म्हणाली, "आई, आधी स्वतःची हाडं सांभाळ, मग बाळाचं बघू." बघच म्हणावं. नात माझ्याकडेच येणार.

६ जुलै
वेनिंगने सोयाबीनच्या गोळ्या पाठवल्या. वास घेऊन कपाटात ठेवल्या. क्लातेनच्या बाईला, जन्म आंबवलेल्या सोयाबीनचं टेंपे खाण्यात गेला तिला, सोयाबीन शिकवतेय! विहीणबाई म्हणे टेंपे उकडून खातात, आजाऱ्यासारखं. मी तळते. सोयाबीन तेच ना? शिवाय आपलं गोड काळं केचापही सोयाबीनचंच. आज भातावर, अंड्यावर, तळलेल्या केळ्यावरसुद्धा ओतलं. आमचे हे म्हणाले, हाडांचं माहीत नाही, साखर नक्की वाढेल. दुर्लक्ष केलं. गुडघ्यात आत्ताच जोर वाटतोय.

११ जुलै, शुक्रवार
गल्लीतल्या बायकांचा व्यायाम भल्या पहाटे. माणसाने झोपायचं कधी? पोचले तर संपलेला. पण फोटो राहिला होता. फोटोशिवाय घरी कोण जातं! आधी एक शिस्तीतला, मग एक 'वाट्टेल ती पोझ'वाला. जांभळा ट्रॅकसूट मला खुलतो. दोन्ही फोटो वेनिंगला पाठवले. "वा, आई!" असं उत्तर आलं. मी खोटं बोलले नाही. एक अक्षर लिहिलं नव्हतं.

१८ जुलै, शुक्रवार
आज थेट फोटोलाच गेले. चालत गेले, म्हणजे व्यायाम झालाच. व्यायाम घेणारी पार्तीनीबाई म्हणाली, या, फोटोवाल्या बाई. जळते मेली.
बाळाला कमरेशी बांधायचं कापड धुऊन वाळत घातलं. वेनिंग त्यातच वाढली.

२५ जुलै, शुक्रवार
डाव्या हाताने लिहितेय. वेनिंग रविवारी येणार, म्हणून फोटो जरा दणक्यात हवा होता. वाट्टेल त्या पोझला बाकीच्या नुसती दोन बोटं दाखवतात. मी एक पाय उचलला. उजवं मनगट मोडलं. फोटो छान आलाय म्हणे. मी त्यात नाही.

२६ जुलै
मनगट मोडलं म्हणजे काही बाई मोडली नाही. बाळ डाव्या हातानेही घेता येतं. तांदळाच्या पिशवीवर सराव केला. पिशवी पडली. पण पिशवी निसरडी असते, बाळ तसं नसतं.
ह्यांनी तांदूळ गोळा केले.

२७ जुलै, रविवार
वेनिंग आली, कडेवर नात, सोबत विहीणबाई. प्लास्टर बघून वेनिंग रागावली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, "आई, फोटोत सगळ्या घामाने निथळतायत आणि तुझी पावडरसुद्धा हललेली नाही. मला पहिल्याच दिवशी कळलं. वाटलं, पुढच्या शुक्रवारी तरी जाशील."
नात विहीणबाईंकडे राहणार. मी म्हटलं, मी स्वतःच तसं सुचवणार होते. आणि मग सगळ्यांसमोर रडू आलं.
निघताना विचारलं, थोडा वेळ मांडीवर घेऊ का. वेनिंगने तिला माझ्या मांडीवर ठेवलं. स्वतःचे हात मात्र काढले नाहीत.