उजेडाचं मी बघतो

३ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोज लिहायचं. न चुकता.
मोठी बातमी. सौ.ला वॉर्डची इनचार्ज करतायत. अकरा वर्षं वाट बघितली तिने. अट एकच, दुपारची पाळी घ्यायची. म्हणजे सुटायला रात्रीचे साडेनऊ. तेव्हा बस नसते, आणि हॉस्पिटल ते घर हा कालव्याकाठचा चार किलोमीटरचा रस्ता. दिव्याचा एक खांब असेल तर शपथ. २ डिसेंबरला चार्ज घ्यायचाय, मेट्रनला उद्या होकार द्यायचाय. तर मला न्यायला कोण येणार, असं ती विचारत होती.
मी म्हटलं, कोण म्हणजे? नवरा कशाला असतो?
ती म्हणाली, गेल्या महिन्यात मी तिच्यासकट मोटरसायकल खडीच्या ढिगावर चढवली होती. उगाच जुनं उकरून काढायचं! ढीग रस्त्यात होता. हेडलाइट मिणमिणता असेल तर माणूस काय करणार?
ठरलं. हेडलाइट अपग्रेड. उजेडाचं मी बघतो म्हणून सांगितलं. चार आठवडे हातात आहेत. चार दिवसांचं काम.

४ नोव्हेंबर, सोमवार
सौ.ने होकार कळवला. मी गाडीची तपासणी केली. सहा वर्षं झाली, पण गाडी काल शोरूममधून आणल्यासारखी. सीटला कव्हर, टाकीला कव्हर, मीटरवर आणि हेडलाइटच्या काचेवर कंपनीचं प्लास्टिक अजून जसंच्या तसं. थोडं पिवळं पडलंय, पण एक ओरखडा दाखवा! वीस वर्षं पॅकिंग खात्याचा सुपरवायझर आहे मी, उगाच नाही. झाकलेली वस्तू टिकते. घरातला रिमोटसुद्धा पिशवीत आहे. सौ. म्हणते, आकडे दिसत नाहीत. आकडे पाठ असावे लागतात, दिसायला कशाला हवेत?
निष्कर्ष: दोष बल्बचा.

१० नोव्हेंबर, रविवार
(मधले दिवस लिहायचे राहिले. विचार चालू होता.)
मिस्त्रीकडे गेलो. हा प्राणी गाडी बघतो कमी आणि मालकाकडे बघून हसतो जास्त. बल्बचं काढताच म्हणाला, साहेब, आधी हे सोलू. आणि चक्क नख लावून काचेवरच्या प्लास्टिकचा कोपरा उचकटायला लागला! हात धरला मी त्याचा. सहा वर्षं जपलंय, म्हटलं. त्यावर म्हणे, मग बल्ब घालून उपयोग नाही. यांना गिऱ्हाईक टिकवता येत नाही ते यामुळे.
मुकाट्याने एलईडी बसवून घेतला. संध्याकाळी अंगणात भिंतीवर ट्रायल. उजेड दुधासारखा, सगळीकडे पसरलेला. सौ.ने विचारलं, रस्त्यावर किती पडतो? बायकांना कौतुक म्हणून करता येत नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार, रा. ९.१५
कालव्याच्या रस्त्यावर ट्रायल. पहिल्या वळणावरून परत आलो. घाबरून नव्हे. पुरेशी माहिती मिळाली म्हणून. धुकं होतं.
सौ. खिडकीत उभी राहून म्हणाली, चांदण्या तर लख्ख दिसतायत. तिला समजावलं की धुकं खालच्या थरात असतं. ती बरं म्हणाली. तिचं ते ‘बरं’ मला आवडत नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार
धुक्यावर उपाय, फॉग लॅम्प. दोन आणले, रविवारी स्वतः बसवले. मिस्त्रीची गरज नाही. नव्या काचांना खडे लागू नयेत म्हणून कारखान्यातली प्लास्टिकची फिल्म चढवली. दुहेरी.
आज प्रत्यक्ष प्रयोग. समोरून येणारा ट्रकवाला थांबला, खाली उतरला आणि डोळ्यांवर हात धरून माझ्या आईवडिलांची सविस्तर चौकशी करून गेला. म्हणजे उजेड आहे! माझ्या बाजूला तेवढा पोचत नाही, एवढीच किरकोळ अडचण आहे.
सौ. हल्ली पहाटे फिरायला जाते. तासाभराने येते, केस चपटे, गाल लाल. व्यायामाचा हुरूप टिकावा म्हणून मी झोपून असतो.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
पेट्रोल भलतंच जातंय. दोन दिवसांत काटा खाली. नव्या दिव्यांना ताकद लागते, ती इंजिनातूनच येणार, साधं गणित आहे. आणखी एक. मी गाडी फाटकाकडे तोंड करून लावतो, सकाळी भिंतीकडे तोंड असतं. शेजाऱ्याचा खोडसाळपणा. त्याला बघून घेईन.

२४ नोव्हेंबर, रविवार
शेवटचा घाव म्हणून शंभर वॅटचा बल्ब घातला. दहा मिनिटांत जळका वास. काचेवरच्या प्लास्टिकच्या मधोमध तपकिरी डाग पडला आणि कडेला सुरकुत्या. मिस्त्रीला जाब विचारायला गेलो तर त्याने हातच जोडले. वर म्हणतो कसा, वहिनींचा हात मात्र चांगला बसलाय. वहिनींचा हात कशात बसलाय? कामावरही पितो वाटतं.
परत येताना बॅटरी बसली. गाडी ढकलत आणली. चढावरून.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
नवी बॅटरी. सौ.चा इनचार्जचा बिल्ला आला. पितळी, त्यावर तिचं नाव. तीनदा हातात घेऊन पाहिला तिने. चकाकी जाऊ नये म्हणून मी पिशवीत घातला. तिने काढला.
मग नीट समोर बसून विचारलं, खरंच जमणार आहे ना? नाहीतर मेट्रनला आत्ताच नाही म्हणते, दुसरीला देतील. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास आहे की नाही? म्हणाली, तुमच्यावर आहे, त्या दिव्यावर नाही. सासरेबुवांची मोटरसायकल लग्नाआधी ती चालवायची, तिचा परवाना अजून चालू आहे, असंही काहीतरी पुटपुटली. माहेरच्या गोष्टींना अंत नसतो.

१ डिसेंबर, रविवार
सर्व तयारी पूर्ण. हवा, बॅटरी, बल्ब, लॅम्प ओके. फोन धुळीपासून सुरक्षित, पिशवीत सीलबंद. पावणेनऊला निघायचं, नऊला गेटवर. अर्धा तास आधी. असा नवरा शोधून सापडणार नाही.

२ डिसेंबर, सोमवार, रा. ११.४०
तोच खडीचा ढीग. अजून हलवलेला नाही. संबंधित खात्याला खरमरीत पत्र लिहिणार.
पावणेनऊलाच निघालो होतो. वळणावर सगळं पांढरं झालं आणि मी आडवा. गुडघा सोलला. गाडी सुरू होईना. फोन पिशवीत बोटाला दाद देईना आणि सील दातांनी निघेना. दोन किलोमीटर ढकलत गेलो.
पोचलो तेव्हा साडेदहा. सौ. गेटवर वॉचमनच्या स्टुलाशेजारी उभी. तासभर. बिल्ला लावलेला. आधी तिने माझा गुडघा पाहिला आणि आत नेऊन पट्टी बांधली. आज काय काय झालं ते सांगायचं होतं तुम्हाला, म्हणाली, पण राहू दे आता.
मला फार लाज वाटली. हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितोय.
बाहेर आल्यावर ती गाडीपुढे उकिडवी बसली आणि नखाने कोपरा उचलला. मी ‘अगं’ म्हणेपर्यंत एका ओढीत सगळं प्लास्टिक हातात. मग दोन्ही लॅम्पचं. किल्लीसाठी हात पुढे केला. मी दिली. दुसऱ्या किकला गाडी सुरू.
झाडंन् झाडं दिसली. वळण दिसलं. ढीग तर शंभर फुटांवरून दिसला. तिने तो अलगद चुकवला. मी मागे बसलो होतो. कुणाच्या मागे बसायची सवय नाही मला.

३ डिसेंबर, मंगळवार, रा. ९.५०
आजपासून गाडी तीच नेते. मला कारखान्याला बस आहे. पहाटेचं फिरणं गाडीवरून चालायचं तेही समजलं. मिस्त्रीला तोंड दाखवायची सोय राहिली नाही.
माझ्याकडे एकच काम दिलंय. साडेनऊला कुकर लावायचा.
काढलेलं प्लास्टिक धुऊन, वाळवून ठेवलं. आज तिला विचारणार, पहिला दिवस कसा गेला. मध्ये बोलणार नाही.
साडेनऊपासून खिडकीत उभा आहे. आत्ता वळणावर उजेड आला. लख्ख, सरळ, थेट आमच्या फाटकापर्यंत. शेवटी बल्ब कुणी निवडला?
कुकर लावायचा राहिला.