विमान डावीकडेच जाईल

मी, टायपिंगचा क्लास चालवून निवृत्त झालेली, डावखुरी, विधवा, हे मृत्युपत्र स्वतः टाइप करत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुलाने नीट वाचावा. मला कोणी भरीस पाडलेले नाही. पाडू पाहणारा एकच होता, त्याचे पुढे येईल.

१. राहते घर मुलाला. मागच्या खिडकीची कडी त्याने आता तरी दुरुस्त करावी.

२. बँकेतली शिल्लक मुलगा आणि सून यांना निम्मी निम्मी. क्लासचे सगळे टाइपरायटर, आता तो क्लास चालवणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीला. एकाचा रोलर अडतो, त्याला दामटावे लागते.

३. माझा गेम. घरातले कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचे आणि गेम कॅसेटवरून चढवायचे, त्या काळी मी तो लिहिला. एक विमान, समोरून येणारी शत्रूची विमाने, खाली सरकणारे डोंगर. अशा गेममध्ये विमान उजवीकडे जाते. माझे डावीकडे जाते आणि गोळीची कळ डाव्या हाताखाली आहे. शाळेत या हाताने पट्ट्या खाल्ल्या, सासरी मी सुरी धरली की सगळे धास्तावत. इथे तरी मला कोणाचे ऐकायचे नव्हते.

कव्हर छापणाऱ्याला चित्रातले विमान चुकून उलटे आले असे वाटले. त्याने ते परस्पर उजवीकडे वळवून सरळ केले! लोकांनी चित्र पाहून कॅसेट घेतली आणि गेम बिघडलेला आहे म्हणून परत आणून दिली. विक्रेता सगळा ढीग माझ्या दारात टाकून म्हणाला, "बाई, तुम्ही आपलं टायपिंगच शिकवा." त्याला माझ्या मरणाची बातमी कळवू नये. आपणहून आलाच तर चहा द्यावा, बिनसाखरेचा.

४. आता एका कंपनीला हा गेम पुन्हा काढायचा आहे, विमान उजवीकडे वळवून. मुलाने मला न विचारता होकार देऊन टाकला. "आई, कुणाला कळणारसुद्धा नाही गं." मला कळेल. मला वाईट वाटले आणि राग त्याहून जास्त आला.

सून उजव्या हाताची. पहिल्यांदा खेळली तेव्हा दर वेळी डोंगरावर आपटली, पण 'हे बदला' म्हणाली नाही. म्हणाली, "आई, जमेल मला, जरा दम धरा." आणि तिला जमले. म्हणून गेमचे सर्व हक्क, कॅसेट आणि कॉम्प्युटर सुनेला. अट एकच: दिशा बदलायची नाही.

५. कंपनीचा माणूस परवा मुलाला हळूच म्हणाला, "घाई नाही, आईंच्या नंतर बघू." मी बहिरी नाही. त्यामुळे कलम चारसाठी माझ्या मरणाची वाट न पाहता हक्क आज सकाळीच सुनेच्या नावे केले. कंपनीला पहिला नकार तिनेच फोनवर कळवला. मुलगा समोर उभा होता, आणि मी तिच्या शेजारी बसले होते.

सही: टायपिंगच्या बाई
साक्षीदार: १. घरचे डॉक्टर २. वरच्या मजल्यावरचे शिंपीकाका
ठिकाण: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर